यंदा काय लुटणार?

डिसेंबर संपत आला की आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो, "यंदा काय लुटणार?" कुणी बाहेरच्या माणसाने ऐकलं तर तो मधल्याच मजल्यावर उतरून पळेल, की या दोन बायका हातात मेथीच्या जुड्या धरून एवढ्या शांतपणे लुटीच्या गोष्टी कसल्या करतायत. पण ज्यांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं त्यांना विचारा हा प्रश्न किती छळतो ते. संक्रांत ते रथसप्तमी, रोज संध्याकाळी दोन-तीन घरं, आणि प्रत्येक घरून हातात काहीतरी वाण. माझ्याकडे आजच्या घडीला चहाची सात गाळणी आहेत. घरात चहा पिणारी माणसं चार. साबणदाण्या, कापडी पिशव्या, ते झाकणाचं टोमॅटोच्या आकाराचं प्लॅस्टिकचं काहीतरी, ज्याचा उपयोग अजून कुणालाच कळलेला नाही, हे सगळं वर माळ्यावर एका खोक्यात आहे आणि त्यातलं निम्मं मी कुणाकुणाला परत लुटलेलंही आहे (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला माझ्याकडून मिळालं असेल तर माफ करा, पण तुम्हीही हेच करता).

तर यंदा मी ठरवलं की खाऊ आणि वाण एकत्रच करायचं. पुण्याच्या बोहरी आळीतून काचेच्या छोट्या वाट्या आणायच्या, आमटीच्या वाटीपेक्षा लहान, जाड बुडाच्या, त्यात काहीतरी थंड गोड लावायचं आणि म्हणायचं, खा आणि वाटी घरी न्या. एका दगडात दोन पक्षी. नवरा म्हणाला, "म्हणजे भांडी घासायचं कामही त्यांच्यावरच." हे माझ्या डोक्यात नव्हतं पण आयडिया वाईट नव्हती.

काहीतरी थंड गोड म्हणजे काय, याचं उत्तर लेकीच्या मोबाईलमधून आलं. ती आठवीत आहे आणि तिच्या मते जगातल्या सगळ्या पाककृती पंचवीस सेकंदांच्या असतात. ही होती नो-बेक स्ट्रॉबेरी चीजकेकची: खाली बिस्किटाचा चुरा, मध्ये पांढरं क्रीम, वर चमकणारा लाल थर, काचेला आतून चिकटवलेल्या स्ट्रॉबेरीच्या चकत्या. ओव्हन नको, गॅससुद्धा जेमतेम. ओव्हन नको हे मला फारच पटलं कारण आमच्या ओटीजीची काच नाताळात तडकली आणि ती बसवून देणारा माणूस गेले तीन आठवडे "उद्या येतो मॅडम" या अवस्थेत आहे.

सासूबाईंना दाखवलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, चष्मा कपाळावर, मोबाईल हाताच्या अंतरावर धरून त्यांनी ते पंचवीस सेकंद दोनदा बघितले आणि म्हणाल्या, "हळदीकुंकवाला बिस्किटं?"

मी म्हटलं चुरा आहे आई, दिसत पण नाही.

"अगं पण मारीची बिस्किटं आपण ताप आलेल्या माणसाला देतो."

हे खरंय. आमच्याकडे मारी बिस्कीट म्हणजे आजारपण. चहात बुडवलेलं मारी, उशाशी ठेवलेलं क्रोसिन, असंच ते डोळ्यासमोर येतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की हे बिस्कीट लंडनच्या बेकरीत १८७४ साली रशियाच्या राजकन्येच्या लग्नासाठी केलं होतं, तिचं नाव मारिया म्हणून ते मारी. आई म्हणाल्या, "बघ, राजवाड्यात जन्मून शेवटी आमच्या तापात आली बिचारी." पण विरोध मावळला. एवढ्या मोठ्या घरची मुलगी म्हटल्यावर हळदीकुंकवाला चालणार.

स्ट्रॉबेरीबद्दल मात्र त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं कारण ते त्यांचं माहेर. म्हणजे माहेर वाई, ढोल्या गणपतीच्या मागच्या गल्लीत, आणि स्ट्रॉबेरी पसरणीचा घाट चढून वर, पाचगणी महाबळेश्वरला. त्या नेहमी सांगतात की लहानपणी घाटाच्या पायथ्याशी राहूनही त्यांनी स्ट्रॉबेरी खाल्ली नव्हती, ती वरच्या बंगल्यांतली, साहेबाने आणलेली गोष्ट. खाली वाईत हळद आणि ऊस. पहिली स्ट्रॉबेरी त्यांनी लग्नानंतर खाल्ली, बाबांबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर, एसटीने महाबळेश्वरला गेल्या तेव्हा, कागदाच्या पुडीत, आणि आंबट निघाली म्हणून अर्धी माकडाला दिली. हा किस्सा आमच्याकडे दर मोसमात एकदा होतोच. बाबा दरवेळी म्हणतात की माकडाने पुडीच ओढून नेली होती, दिली वगैरे काही नाही.

आता तेच महाबळेश्वर कर्वे रोडच्या सिग्नलला आलंय. जानेवारीत कुठल्याही चौकात बघा, टेम्पो नाहीतर हातगाडी, पारदर्शक डब्यांचे मनोरे आणि "महाबळेश्वर महाबळेश्वर" अशी आरोळी, जणू काही गाडीच तिकडे निघालीये. २०१० पासून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, पण डब्यात खालच्या थराला काय भरायचं हे मानांकनात लिहिलेलं नसावं. वरच्या पाच-सहा लालबुंद, टपोऱ्या, देठाची टोपी ताठ. खाली गेलात की खांद्याशी पांढऱ्या, हिरवट, एखादी तर अर्धी दबलेली. आणि इथे आंब्याचं शहाणपण चालत नाही. आपल्याला वाटतं, ठेवू दोन दिवस, पिकतील. आंब्याला आढी लावता येते, गवतात झोपवलं की तो घरी येऊन पिकतो, गोड होतो. स्ट्रॉबेरीला आढी नाही. तोडली त्या क्षणी जेवढी गोड असेल तेवढीच, पुढे फक्त मऊ होणार आणि मग बुरशी. म्हणून शेतकरी ती पिकलेलीच तोडतात आणि म्हणूनच तिचा सगळा धंदा धावपळीचा.

हे मी गेल्या वर्षी भिलारला बघितलंय. भिलार म्हणजे ते २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, आम्ही गेलो होतो पुस्तकांसाठी आणि परत आलो चार किलो स्ट्रॉबेरी घेऊन. काळ्या प्लॅस्टिकच्या मल्चिंगने झाकलेल्या लांबच लांब गादीवाफ्यांमधून बायका सकाळच्या गारठ्यात वाकून तोडणी करत होत्या, फळाला हात न लावता, वर देठाला नखाने चिमटा. फळ धरून ओढलं की बोटाचे डाग पडतात आणि संध्याकाळपर्यंत तिथे ते काळं पडतं. त्यानंतर मी सिग्नलला डबे उलटेपालटे करणं बंद केलं. खालून बघते, बुडाशी लाल पाणी नसेल तर घेते. यंदा दोन किलो घेतल्या, आठ डबे, आणि गाडीवाल्याने वर एक डबा तसाच दिला कारण त्याच्या म्हणे घरीही हळदीकुंकू होतं त्या दिवशी.

पहिली गोष्ट चक्का.

रीलमध्ये चीज होतं, ते परदेशी क्रीम चीज, आणि तीस वाट्यांना लागेल एवढं ते आणलं असतं तर वाण म्हणून सोन्याची नथ परवडली असती. मग व्हिपिंग क्रीम. ते केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते बहुतेक वनस्पती तेलाचं असतं, झकास फुगतं, तासन् तास उभं राहतं, पण खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो तो चहा प्यायल्याशिवाय जात नाही. मला नाही आवडत. मी हुशारी करून साधी खोक्यातली फ्रेश क्रीम आणली आणि बीटर घेऊन फेटत बसले. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. बीटर गरम झाला, क्रीम होती तशीच, नुसते बुडबुडे. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली तर स्निग्धांश २५ टक्के. फेटून उभं राहायला तीसच्या वर लागतो, पस्तीस तर बरं. म्हणजे मी रात्रभर फेटलं असतं तरी ते उभं राहिलं नसतं, हे आधी वाचायला काय झालं होतं मला.

आई हे सगळं डायनिंग टेबलवर मटार सोलत बघत होत्या. म्हणाल्या, "चक्का लाव ना."

आता चीजकेकला चक्का चालतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सुचलं नव्हतं, कारण चक्का म्हणजे श्रीखंड, श्रीखंड म्हणजे पाडवा, पाडवा म्हणजे उन्हाळा. डोक्यातले खण. आणि खरं बघाल तर भट्टी न लावता, नुसतं टांगून, घोटून, गार करून खायचा पदार्थ आपल्याकडे कधीपासून आहे, आपण त्याला नो-बेक म्हणत नव्हतो इतकंच.

तर तीन लिटर म्हशीचं दूध. पुण्यात जानेवारीत विरजण लागणं ही एक वेगळीच कटकट असते, रात्री बारा-तेराच्या खाली पारा, सकाळी बघावं तर पातेल्यात दूधच. आईंची पद्धत अशी की दूध तापवून खाली उतरवायचं, आणि मग दर थोड्या वेळाने येऊन त्यात करंगळी बुडवायची. थर्मामीटर बिटर काही नाही. करंगळी घालून मनात काहीतरी मोजतात, काढतात, पदराला पुसतात, "अजून नाही." पुन्हा येतात. "अजून नाही." तिसऱ्यांदा म्हणाल्या, "घाल आता." मग विरजण, मग पातेलं जुन्या शालीत गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी कोपऱ्यात. सकाळी दही असं लागलं होतं की चमचा उभा. मग पंच्यात बांधून ओट्यावरच्या नळाला दिवसभर गाठोडं, खाली पातेलं, टपटप टपटप. त्या पाण्यात आईंनी थालीपिठाची भाजणी भिजवली. संध्याकाळी चक्का झाला सव्वा किलोच्या आसपास, घट्ट, थंडीमुळे अजिबात आंबट नाही.

पिठीसाखर घालून तो पुरणयंत्रातून काढला. हा भाग लेकीने केला आणि तिला एकदम पटलं की आपल्याकडेही मशीन आहेत. साखर घातली की चक्का जरा सैल पडतो हे लक्षात ठेवा, मी म्हणूनच ती बेताने घातली, सव्वा किलोला पाव किलो, आणि ती न फुगलेली क्रीम थोडीशी. गुळगुळीत, पांढरं शुभ्र, चमच्यावरून हळू घसरणारं. बाबा आतून आले, एक बोट चाटलं, म्हणाले, "वेलची राहिली का?" नाही बाबा, यात नसते. "मग जायफळ?" नाही. "अरे वा," म्हणाले आणि परत गेले, अशा आवाजात की जणू सून इंग्लंडला निघून गेली.

बिस्किटाचं सोपं. साडेचारशे ग्रॅम चुरा, मिक्सरमध्ये फार बारीक न करता, आणि पावणेदोनशे ग्रॅम लोणी पातळ करून. मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोकलं तर फुटला पाहिजे. वाटीच्या बुडाशी दोन चमचे घालून फुलपात्राच्या बुडाने दाबायचं. फार जोर लावायचा नाही, नाहीतर खाताना चमचा वाकतो, थर नाही वाकत.

खरी मारामारी वरच्या लाल थराची. त्यासाठी मी आधी सहा वाट्यांची रंगीत तालीम केली होती, बरं झालं केली.

जिलेटिन नको होतं, ते जनावरांपासून बनतं, आणि यादीतल्या निम्म्या बायकांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता. मग चायना ग्रास. समुद्रातल्या शेवाळाचं, ते पांढरे कुरकुरीत दोरे मिळतात ना, दहा ग्रॅमचं पाकीट. पहिल्या वेळी मी स्ट्रॉबेरीचा गर, साखर आणि चायना ग्रास सगळं एकत्र उकळलं. चूक एक. हे दोरे चांगले खळखळून उकळल्याशिवाय विरघळत नाहीत आणि तेवढा वेळ गर उकळला की तो सुंदर लाल रंग विटतो, जुन्या विटेसारखा होतो, वासही जॅमचा यायला लागतो. शिवाय आंबट रसात उकळलं की चायना ग्रासची पकड सैल पडते. चूक दोन, ते तसंच कढत कढत चक्क्यावर ओतलं. ओतल्या जागी चक्क्याला भोकं पडली, लाल खाली, पांढरं वर, थर नाहीच, वाटीत अपघात झाल्यासारखं दिसत होतं. उरलेल्या तीन वाट्यांसाठी म्हटलं गार होऊ दे. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. वीस मिनिटांनी येऊन बघते तर पातेल्यातच सगळं घट्ट, पातेलं उलटं केलं तरी पडेना. जिलेटिनला फ्रिज लागतो, याला काही लागत नाही, हे ओट्यावरच बसतं, आणि बसलं की पुन्हा उकळल्याशिवाय ऐकत नाही.

मी वैतागून म्हटलं, एक तर भोकं पाडतं नाहीतर दगड होतं, मधलं काही नाहीच का याला?

आई म्हणाल्या, "असतं ना. विरजणाच्या वेळी असतं तसंच असणार."

आणि तसंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी स्टूल घेतलं. चायना ग्रास वेगळं, फक्त पाण्यात, आधी भिजवून मग पूर्ण विरघळेपर्यंत उकळलं. गर वेगळा, कच्चाच, साखर घालून ठेवलेला. स्ट्रॉबेरीला साखर लावून अर्धा तास ठेवली की तिचं स्वतःचं पाणी सुटतं, वेगळं पाणी घालावं लागत नाही, आणि हो, धुताना देठासकट धुवा, देठ काढून धुतली की ती पाणी पिते आणि चव पांचट होते. हा गर मी फ्रिजमधून काढला तर आईंनी अडवलं. "गार गर गरम पाण्यात घातलास तर गुठळ्या होतील, कढीत गार ताक ओतल्यासारखं होईल." म्हणून गराचं पातेलं कोमट पाण्यात ठेवलं. मग दोन्ही एकत्र, चाळणीतून गाळून, त्या बारीक बारीक बिया चाळणीत राहिल्या.

(बिया म्हणजे, लेकीने शाळेत शिकून आल्याप्रमाणे, बिया नव्हेतच. ते एकेक पिवळं ठिपकं म्हणजे एकेक फळ, आणि आपण खातो तो नुसता फुगलेला देठाचा भाग. हे ऐकून बाबा म्हणाले की म्हणजे आपण इतकी वर्षं देठ खातोय आणि फळ चाळणीत टाकतोय.)

मिश्रण वाट बघत ठेवलं आणि आईंनी करंगळी घातली. "अजून नाही." मी चक्क्याचे थर लावलेल्या तीस वाट्या ट्रेमध्ये मांडल्या, लेकीने काचेला आतून चकत्या चिकटवल्या होत्या, प्रत्येक चकती टिपकागदावर टिपून, कारण ओली चकती लावली की तिचा लाल रंग रात्रभरात पांढऱ्यात उतरतो. मध्येच मी आईंना ती गोष्ट सांगितली, फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच इंजिनीयर होता, चिलीत हेरगिरी करायला गेला आणि १७१४ साली येताना तिथल्या मोठ्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं घेऊन आला, जहाजावर पिण्याच्या पाण्याची मारामार असताना ती जगवली. आणि फ्रान्समध्ये लावल्यावर त्यांना फळच धरेना. कारण सगळी रोपं मादी. पुढे उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या जातीशेजारी ती लावली गेली तेव्हा फळ धरलं आणि त्या दोघांच्या संसारातून आजची स्ट्रॉबेरी आली.

"म्हणजे ही पण तिकडचीच," आई म्हणाल्या. तिकडचीच, मी म्हटलं, पण आपली मिरची, बटाटा, शेंगदाणा, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, सगळंच तिकडचं, उपासाचं अख्खं ताट अमेरिका खंडांतलं. आईंनी करंगळी घातली. "अजून नाही. मग एकादशीला आधी काय खायचे गं?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि मग म्हणाल्या, "आता. पटकन."

मीही बोट घालून बघितलं. गरम, पण बोट राहतं. विरजणापेक्षा एक पायरी वर. मला तो आकडा सांगता येणार नाही आणि ज्यांना हवाय त्यांनी थर्मामीटर घ्यावा, पण मी सांगते, त्यानंतर आम्हाला जेमतेम पाच-सात मिनिटं मिळाली. पळी उलटी धरून तिच्या पाठीवरून ओतायचं म्हणजे धार थेट चक्क्यावर पडत नाही, पसरत जाते. आई पातेलं कोमट पाण्यात धरून हलवत होत्या, मी ओतत होते, लेक वाट्या सरकवत होती. एकोणतिसाव्या वाटीला मिश्रणात सुरकुत्या पडायला लागल्या, तिसावी जरा खडबडीत झाली. ती बाबांची.

आणि बाकीच्या एकोणतीस! ट्यूबलाइटखाली धरली की वर आरशासारखा लाल, मध्ये पांढरा, खाली मातकट, आणि दोन थरांमधली रेघ अशी की पट्टीने मारावी. फ्रिजमध्ये जागा नव्हती. आमच्या फ्रिजचा मधला खण कायम कापलेला कांदा आणि ओल्या नारळाचा, त्याच्या शेजारी हे ठेवलं असतं तर चीजकेकला भेळेचा वास. मग पंधरा वाट्या फ्रिजमध्ये, सगळा संसार बाहेर काढून, आणि पंधरा चक्क मागच्या बाल्कनीत, स्टुलावर ट्रे, वर जाळीचं झाकण. पुण्याची थंडी एकदाच काय ती उपयोगी पडली.

हळदीकुंकू छान झालं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने कुणाच्या तरी नव्या सुनेच्या अंगावर, तिळगूळ घ्या गोड बोला. वाट्या फिरल्या. पहिल्या चमच्याला सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या. बी विंगमधल्या काकूंनी विचारलं कुठून मागवलं, ही आमच्याकडे सर्वात मोठी तारीफ आणि सर्वात मोठा अपमान एकाच वेळी. एकीने विचारलं अंडं नाही ना. एकीने विचारलं जिलेटिन नाही ना. मी बघा म्हटलं होतं. चक्का आहे हे कुणीच ओळखलं नाही, आणि सांगितल्यावर चौघींनी मात्र म्हटलं, "वाटलंच होतं मला."

गडबड झाली ती वेगळीच. गर्दीत मी सांगायलाच विसरले की वाटी घरी न्यायची आहे. बायका खाऊन उठल्या, आणि आपल्या बायका म्हणजे उष्टी वाटी टेबलावर ठेवून जाणार नाहीत, एकेक जण स्वयंपाकघरात जाऊन वाटी विसळून ओट्यावर पालथी घालून येत होती. मी फुलं द्यायला दारात, आत लेकीला काही पत्ता नाही. लक्षात आलं तेव्हा ओट्यावर सव्वीस वाट्या पालथ्या. मग मी जिन्यात धावत, "अहो थांबा, वाण राहिलं तुमचं," आणि त्या, "छे छे, काचेची आहे, अशी कशी नेणार." ओल्या वाट्या टॉवेलने पुसून पुसून अक्षरशः पिशव्यांत कोंबल्या.

तरी ज्या दोघी-तिघींच्या घरी नंतर लेकीला पाठवून वाटी पोचवली त्यांना बहुतेक वाटलं असावं की आपण चुकून काहीतरी घेतलंय. आणि इतर काही जणींनाही. कारण तिसऱ्या दिवसापासून वाट्या परत यायला लागल्या. आणि रिकाम्या नाहीत. एक आली ती तिळाच्या वडीने भरून. एक ओल्या हरभऱ्याच्या उसळीची, वर खोबरं. वरच्या मजल्यावरून एकीत माईनमुळ्याचं लोणचं, जे मी गेली चार वर्षं मागायला लाजत होते. एकीत गुळाच्या पोळीचे तुकडे, तूप वेगळ्या डबीत, म्हणजे आता ती डबीही. पाचवी बी विंगच्या काकूंची, गाजर हलवा, आणि सोबत निरोप की तुझी वाटी फार छान आहे, कुठून घेतलीस.

रविवारी दुपारी आईंनी पाची वाट्या घासून टेबलावर ओळीने मांडल्या. म्हणाल्या, "हे त्यांचं वाण आहे, घरात कसं ठेवायचं, परत द्यावं लागेल."

मी म्हटलं, देऊ की, संध्याकाळी जाते.

"आणि रिकाम्या देणार?"

गाडीवाल्याने वर दिलेला डबा फ्रिजमध्ये होता, त्यातल्या निम्म्या अजून चांगल्या होत्या. मी दूध तापवून खाली उतरवलं. आई स्टुलावर बसल्या, करंगळी बुडवली, पदराला पुसली.

"अजून नाही," म्हणाल्या.